कपाटावर ठेवलेला पाठीचा कणा

मित्रांनो, मी एक जुना पाठीचा कणा आहे. घाबरू नका, खरा नव्हे, प्लॅस्टिकचा. एका कारखान्यात माझे मणके तारेत ओवले, मधे लाल रबराच्या गाद्या बसवल्या आणि बाजूंनी पिवळ्या नसा सोडल्या.

तिथून मी मणक्यांच्या दवाखान्यात आलो. तिथल्या वयस्क डॉक्टरबाई मला रुग्णाच्या मांडीवर ठेवायच्या. "ही गादी सरकलीय, ही नस दाबली गेलीय," असं बोट ठेवून सांगायच्या. मग म्हणायच्या, "आता तुम्ही मला समजावा बरं, आपण काय करणार आहोत?" चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घामेजल्या हातांनी माझा रंग उडाला, पण काय रुबाब होता माझा!

बाई निवृत्त झाल्या. नव्या डॉक्टरांचा हातगुण चांगला होता, पण बाहेर सदा रांग. मी कपाटावर गेलो.

एके दिवशी शाळेच्या बसचे चालक बायकोसोबत आले. मुलं त्यांना 'बसकाका' म्हणत. कमरेतून पायात कळ जायची आणि उजवं पाऊल बधिर पडलं होतं.

"ऑपरेशन करून नस मोकळी करू," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे पाय बरा होईल ना?"

"त्रास वाढायचा थांबेल. काळजी करू नका. काही शंका?"

बसकाकांनी 'नाही' म्हणून मान हलवली आणि न वाचताच चार पानांवर सह्या केल्या.

उठताना बायको म्हणाली, "अहो, शाळा ऑफिसातलं काम देतेय, घ्या की."

"छे! दोन महिन्यांत मी गाडीवर असेन. नको म्हणून कळवून टाकतो."

मला ओरडावंसं वाटलं. गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, ऑपरेशन आहे ते आणखी बिघडू नये म्हणून, हे त्यांना कुणीतरी सांगा! पण मला तोंड कुठे होतं?

ऑपरेशन नीट झालं. कळ गेली. पाऊल मात्र तसंच राहिलं. तीन महिन्यांनी ते परत आले.

"डॉक्टर, पायाला ब्रेक कळतच नाही हो. कधी बरं होणार?"

"बहुधा होणार नाही. तसं कागदावर लिहिलं होतं."

"लिहिलं असेल. मला समजलं नव्हतं."

डॉक्टर उठले. मग स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि सगळं नीट समजावलं. जेमतेम दहा मिनिटं लागली.

बसकाकांनी माझी पिवळी नस चिमटीत धरली. "आधी कळलं असतं तरी ऑपरेशन केलंच असतं मी," ते म्हणाले. "पण ऑफिसातलं काम नाकारलं नसतं. आता तिथे दुसरा माणूस घेतलाय. पोरं रोज दिसली तरी असती."

बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी अशा कागदावर सही करायला बसलं, तर त्यांच्या शेजारी बसा. 'समजलं नाही' म्हणताना त्यांना लाजू देऊ नका.

मी आता टेबलावर असतो. याचा आनंद व्हायला हवा, पण होत नाही. डॉक्टर हल्ली प्रत्येकाला दहा मिनिटं देतात. बसकाकांना ती तीन महिने उशिरा मिळाली.