माझ्या पोटातल्या वन्सं

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली. खिडकीची काच असते तर एव्हाना तुमच्या चेंडूने फुटले असते, चष्म्याची असते तर कुणाच्या तरी नाकावर मिरवले असते. मी बोटाएवढी लांब आणि दीड बोटाच्या जाडीएवढी रुंद. पन्नास बहिणींबरोबर एका खोक्यातून मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आले. तिथे आमचं काम एकच. माणसाचा एक तुकडा पोटाशी धरायचा आणि हलायचं नाही. ते आम्हाला जमतं.

आम्हाला सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पाठीमागे मात्र ‘काळं बोट’ म्हणत, कारण चांदीच्या द्रावणाने त्यांच्या बोटांची टोकं कायमची काळी पडली होती. आम्हाला चांदी चढवणं ही त्यांची खासियत. ही चांदी चमचमत नाही. दिसते पाण्यासारखी, पण जिथे चिकटते तिथे काळी पडते.

आता थोडं शहाणपणाचं ऐका, मग गोष्ट सांगते. तुमच्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, आणि त्या केंद्रकात एक एवढीशी जागा असते. पेशीला वाढायला लागणारी यंत्रं तिथे तयार होतात. चांदी नेमकी तिथे जाऊन बसते आणि काळा ठिपका दिसतो. पेशी निवांत असेल तर एखाद-दोन ठिपके, गोल आणि नीटस. तिला वाढीची घाई सुटली असेल तर पाच-सहा, बारीक आणि विस्कटलेले. गाठ साधी की वाईट, अशी शंका आली की डॉक्टर हे ठिपके मोजत. पण विभागाचे मोठे डॉक्टर नेहमी बजावत, “चांदी चुगली करते, निकाल देत नाही. बाकीचंही बघा.”

ताईंचा एक नियम होता. चांदीच्या भांड्यात स्टीलचा चिमटा घालायचा नाही, प्लास्टिकचाच घालायचा. धातू लागला की चांदी बिथरते आणि काचभर काळी धूळ सोडते. या नियमापायी त्यांनी अठ्ठावीस वर्षांत झाडून सगळ्यांना बोलणी ऐकवली होती. एकदा मोठ्या डॉक्टरांनाही ऐकवली. ते बिचारे स्टीलच्या चिमट्याकडे नुसते बघत होते.

मग एक दिवस माझ्या अंगावर एक पापुद्रा आला. कानापुढच्या गाठीचा. गाठ होती ताईंच्या थोरल्या नणंदेची.

नणंदबाई स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गालाला पट्टी, तरी तोंड चालू.

“नीट रंगव हो. स्वयंपाकघराच्या भिंती रंगवल्यास तशा नको.”

“वन्सं, इथे पेशंटना यायची परवानगी नाही.”

“मी पेशंट नाही, मी नणंद आहे.” मग त्यांनी गालावरची पट्टी चाचपली. “गाठ वाईट निघाली तर चेहऱ्याची नसच कापावी लागेल म्हणे. तोंड वाकडं होणार. मग काय, तुझं फावलंच!”

एरवी ताईंनी सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी त्यांनी माझ्यावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला.

खरी गोष्ट तीच होती. गाठ साधी असेल तर सर्जन नस वाचवून ती काढणार होते. वाईट असेल तर नसही जाणार आणि अर्धा चेहरा कायमचा लटकणार. नेहमीच्या रंगात काही ठरेना, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी चांदी मागितली. घरच्या माणसाची काच दुसऱ्याने रंगवावी असा रिवाज होता. पण चांदीचं काम दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. येणार कसं? ताई कुणाला हात लावू देतील तर ना!

गाठीचा तुकडा आधी मेणात बसवतात; आम्ही दोघी बहिणी अशा एकाच मेणाच्या ठोकळ्यातून कापलेले पापुद्रे घेऊन बसलो होतो. माझी थोरली बहीण आधी चांदीत गेली, मी राखीव म्हणून तबकात.

दुपारी नवीन डॉक्टर मॅडमनी बहिणीवरच्या शंभर पेशी मोजल्या. “सर, सरासरी सहा. विखुरलेले.” मोठ्या डॉक्टरांनी उसासा टाकला आणि पेनाचं टोपण काढलं.

त्या सूक्ष्मदर्शकाला दोघांनी बघायची सोय होती. ताई दुसऱ्या बाजूला बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, जरा काच सरकवा. तुकडा संपतो तिथे. अजून पुढे.”

“पुढे काही नाही ताई, रिकामी काच आहे.”

“ठिपके आहेत का तिथे?”

मॅडमनी पाहिलं. रिकाम्या काचेवरही काळे ठिपके होते. जिथे पेशीच नाही, तिथे वाढायची घाई कुणाला असणार?

ताई उठून बेसिनपाशी गेल्या. तिथे एक स्टीलचा चिमटा पडला होता, टोकाला काळा. सकाळपासून चांदीला एकट्या ताईंनीच हात लावला होता.

मी तबकातून त्यांचा चेहरा बघत होते. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. बोलल्या तर लोक म्हणणार, नणंदेसाठी पुरावा पुसतेय. शिवाय अठ्ठावीस वर्षांचा तोरा बेसिनमध्ये.

“सर, धूळ आहे ती,” त्या चिमटा वर धरून म्हणाल्या. “मीच घातला. माझं लक्ष नव्हतं.”

खोलीत कुणी हसलं नाही. हसायला सगळ्यांचं तोंड शिवशिवत असणार.

मोठ्या डॉक्टरांनी टोपण परत लावलं. “दुसरी काच आहे ना?”

“आहे. पण मी नाही करणार. मॅडम करतील, मी लांब उभी राहून सांगेन.”

अशी माझी पाळी आली. मॅडमनी मला प्लास्टिकच्या चिमट्याने उचललं आणि ताई चार हातांवरून ओरडत होत्या, “हळू! आंघोळ घालताय, बुडवत नाही आहात!” अर्ध्या तासाने मला धुतलं, पुसलं आणि भिंगाखाली ठेवलं. मॅडमनी शंभर पेशी मोजल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्या पुन्हा मोजल्या. बहुतेक पेशींत एकच ठिपका, कुठे दोन. आजूबाजूची काच स्वच्छ. बाकीच्या खुणाही डॉक्टरांनी पुन्हा तपासल्या आणि मगच ‘साधी गाठ’ असं लिहिलं.

सर्जननी नस वाचवली. नंतर आख्खी गाठ तपासली, तीही साधीच निघाली. माझं कौतुक झालं. शिकाऊ डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्या मला बघून गेल्या. मग नवे रंग आले, नवी यंत्रं आली, आणि चांदीचं कौतुक ओसरलं. मी खणात गेले. खणाचा स्वभाव वाईट नसतो, फक्त त्याला बोलता येत नाही.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी नणंदबाई त्यांना न्यायला आल्या. ताईंनी मला खणातून काढून भिंगाखाली ठेवलं. “बघा वन्सं, या तुम्ही.”

“एवढीशी?” त्यांनी डोळा लावला. “आणि हे काळं काय?”

“पेशीतली कामाची जागा. धावपळ जास्त, तर ठिपके जास्त.”

“मला तर एकेकच दिसतोय. म्हणजे मी आळशी?”

“जन्मात एकदाच आळशीपणा केलात, वन्सं. उपकार झाले.”

नणंदबाई हसल्या. दोन्ही गालांनी.

आता माझी चांदी फिकी पडते आहे. मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा कडेने धरा, उन्हात ठेवू नका, आणि खण आवरताना फेकण्याआधी माझ्यावरचा नंबर वाचा. त्याच्यामागे कुणीतरी घरी वाट बघत बसलेलं असतं. आणि पुढे कधी कुणाच्या अंगावरचे काळे ठिपके मोजायची वेळ आली, तर आधी शेजारची रिकामी काच बघा. तिथेही ठिपके दिसले, तर मोजणं थांबवा आणि आपल्या हातात कुठला चिमटा आहे ते सगळ्यांसमोर सांगा. थोडी लाज वाटेल. पण कुणाचं तरी हसू वाचेल.