उजव्या बाजूचं चाक

पावसाळा सरत आला की वेल्ह्याच्या डोंगरांवरचं धुकं सकाळी उशिरापर्यंत उठत नाही, आणि त्या धुक्यात माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. गेनूमामा असेच आधी ऐकू येत. लोखंडावर हातोडीचा एक हलका ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक ठोका. त्या ठोक्यात घाई नसे. दार वाजवून आतल्या माणसाच्या उठण्याची वाट पाहावी, तसे ते लोखंडाला बोलायला वेळ देत. धड लोखंड घणघणतं आणि आत तडा असलेलं लोखंड बद्द वाजतं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. आणि पासलीच्या वरच्या वळणावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये नांगराच्या फाळापासून देवळाच्या घंटेच्या साखळीपर्यंत सगळ्या वस्तूंचा निवाडा त्याच शास्त्राने होत असे.

मी भोरच्या शाळेत मुलांना मराठी शिकवून निवृत्त झालो आणि पासलीत राहायला आलो. रोज सकाळी पेपर घेऊन शेडसमोरच्या फरशीवर बसायचो आणि मामांना बातम्या वाचून दाखवायचो. मामा हातातलं काम न सोडता, वर पाहत हुंकार द्यायचे. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की वाचताना पेपर तोंडासमोर आला की हुंकार थांबतो आणि पेपर खाली गेला की पुन्हा सुरू होतो. ते ऐकत नव्हते, माझे ओठ पाहत होते. मग आणखीही एक गोष्ट दिसू लागली. लोखंड तपासताना ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवत, स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत घट्ट धरत आणि मग ठोका मारत. कानांनी सोडलेलं काम त्यांनी दातांना दिलं होतं. गावाला ती कसबी माणसाची लकब वाटे. मला मात्र ती सांजेला एकेक खिडकी लावून घेणाऱ्या घरातली शेवटची उघडी खिडकी वाटायची. मी कुणाला काही बोललो नाही, मामांनाही नाही. पेपर तेवढा खाली धरून वाचू लागलो.

त्या वर्षी गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन ठरलं. टाकीत पाणी अजून यायचं होतं, पण पाहुणे यायचे नक्की झाले होते, आणि तेही हेलिकॉप्टरने. उतरायला वरचा माळ निवडला. माळावर कमरेएवढं गवत माजलं होतं आणि त्यात पिवळी सोनकी फुलली होती. गावातल्या बायांनी विळे घेऊन एका सकाळीत ते कापलं असतं. पण विळ्याने कापलेल्या गवतावर हेलिकॉप्टर उतरलं तर गावाची शान काय राहणार? म्हणून सरपंचांनी पुण्याकडच्या कुठल्याशा बंगल्यातून गवत कापायचा जुना छोटा ट्रॅक्टर आणला. त्याच्या पोटाखाली उपड्या परातीसारखा मोठा लोखंडी डबा होता, डब्यात फिरणारी पाती, आणि पुढे डाव्या-उजव्या बाजूला एकेक लहान चाक. ही दोन चाकं डब्याला जमिनीपासून चार बोटं वर धरतात, म्हणून पाती गवत कापतात आणि दगडांना शिवत नाहीत. विकणाऱ्याने सगळ्याला लाल रंग फासला होता. गावाने त्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. आणि माळावरच्या पहिल्याच फेरीत डाव्या चाकाला धरणारं ब्रॅकेट मोडून पडलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी ते यंत्र मामांच्या शेडसमोर आलं. सोबत सरपंच, त्यांचे चार-सहा लोक आणि ट्रॅक्टर चालवणारा निवृत्ती. निवृत्ती मामांचा सख्खा भाचा, चाळिशीचा गडी.

"मामा, उद्या अकराला हेलिकॉप्टर उतरतंय," सरपंच म्हणाले. "दुपारच्या आत मशीन पायजे."

मामांनी त्यांच्या ओठांवरून नजर काढली आणि मोडलेल्या ब्रॅकेटवर बोट फिरवलं. "हेलिकॉप्टर काय चरायला येतंय व्हय, सरपंच?"

सगळे हसले. सरपंचही हसले, पण थोडे उशिरा.

मामांनी डाव्या बाजूचा रंग खरवडला. खाली लोखंड नव्हतंच म्हणावं इतका गंज निघाला. तो घासून काढून त्यांनी जाड पट्टी कापली, बसवली, आणि वेल्डिंगच्या काचेमागे तोंड झाकलं. त्या निळ्या उजेडात शेडचे खांब क्षणभर उभे राहत आणि पुन्हा धुक्यात विरघळत. एकाने मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. डाव्या बाजूचं काम झालं तेव्हा मी ते जवळून पाहिलं. इतका सलग, इतका शांत सांधा मी त्या हातांचाही याआधी पाहिला नव्हता.

मग ते उजव्या बाजूला गेले. ते ब्रॅकेट मोडलेलं नव्हतं, नुसतं तपासायचं होतं. सवयीने त्यांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला, आणि समोर धरलेला मोबाईल पाहून थांबला. दातात मूठ धरलेल्या म्हाताऱ्याचं चित्रण उद्या गावभर फिरेल आणि कुणीतरी कानांचं ओळखेल, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर तसाच खिशात ठेवला, मान वाकडी केली, आणि ऐकू येणारा माणूस जसा मारील तसा ठोका मारला.

आवाज बद्द आला.

मला तो स्पष्ट ऐकू आला. मामांनी वर पाहिलं, आणि सरपंचांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा स्वतःला काय काय सांगितलं, ते अजून पाठ आहे: रंगाचा थर जाड असेल, म्हणून आवाज दबला, हे लोखंडात म्हातारे झाले, मी व्याकरणात, आणि एवढ्या लोकांत त्यांच्या कानांचा पंचनामा मी करावा का? मी नजर खाली घेतली आणि सरपंचांच्या पांढऱ्या बुटांवर उडालेला गंज पाहत राहिलो.

"हितलं धड हाय," मामा म्हणाले.

"नक्की ना, मामा?" निवृत्तीने विचारलं.

"तुझ्या टकुऱ्यापरीस तरी धड हाय. ने."

दुपारी माळावर मांडव उभा राहत होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढत होते. डोंगरावरून ढग उतरत होते आणि ऊन असं पिवळं पडलं होतं, की सोनकीची फुलं त्यात ओळखू येईनात. निवृत्तीने ट्रॅक्टर घातला. मामा डाव्या बाजूने, वाकून, आपल्या सांध्यावर डोळे ठेवून सोबत चालू लागले. काम केलं की ते नेहमीच असे वस्तूसोबत थोडं चालून येत, लेकीला वेशीपर्यंत पोहोचवावं तसे.

चौथ्या फेरीला उजव्या बाजूने खडखड सुरू झाली. आधी बारीक, मग पत्र्यावर गोटे ओतावेत तशी. खुर्च्या मांडणारी माणसं मागे सरली. मांडवाच्या दोऱ्या ओढणाऱ्यांनी दोऱ्या सोडल्या. मीही चार पावलं मागे गेलो. पाय आपोआप गेले. निवृत्ती ओरडला, "मामा, मागं व्हा! मामाऽ!" माळावरचं प्रत्येक माणूस त्या आवाजापासून लांब पळत होतं आणि एकटे मामा, वाकलेले, शांत, चालत होते. उजवं ब्रॅकेट तुटलं, डबा त्या अंगाला बसला, डावी कड उचलली गेली आणि पात्यांनी उडवलेला दगड तिच्या खालून बाहेर आला. सुपारीपेक्षा मोठा नव्हता तो. मामांच्या कानशिलावर लागला.

टेम्पोतून दवाखान्यात नेताना, नसरापूर ओलांडल्यावर मामा वाटेतच गेले.

कार्यक्रम झाला. ढगांमुळे हेलिकॉप्टर आलं नाही. पाहुणे गाडीने आले, अर्धवट कापलेल्या माळाकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि मामांचं नाव चिठ्ठीवरून वाचून गावाला दोन मिनिटं उभं केलं. त्याच दिवसापासून गावात एक वाक्य फिरू लागलं: मामाचं वेल्डिंग सुटलं आणि मामालाच बाधलं. मी निवृत्तीला घेऊन ट्रॅक्टरपाशी गेलो. डाव्या बाजूचा सांधा जसाच्या तसा होता. तुटलं होतं ते उजवीकडचं जुनं लोखंड. निवृत्तीने सांध्यावरून हात फिरवला आणि पारावर जाऊन ओरडून सांगितलं, "मामाचं काम सुटलं न्हाई! बघून या जावा!" दोघे-तिघे जाऊन बघून आले. वाक्य मात्र फिरत राहिलं, कारण ते सांगायला सोपं होतं.

तेराव्यानंतर मी मामांच्या घरी, हौसामामींकडे गेलो. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं: ठोका बद्द वाजला होता, मला ऐकू आला होता, आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

मामी तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच मांडीवर राहिलं.

"गुर्जी, त्येंचं कान गेल्याचं मला लई आधीपासनं ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "म्याच म्हणलं हुतं, कुणाला सांगू नगा. लोकं काम आणायची न्हाईत." मग सुपाकडे पाहत, "तुमाला बी ठावं हुतं व्हय? मंग त्यो माणूस आपल्या दोघांमधी येकलाच हुता की वो."

 

आता त्या माळावर पुन्हा कमरेएवढं गवत आहे आणि शेडच्या पत्र्यावर वेल चढले आहेत. काळ माणसाचा चेहरा नेतो, आवाज नेतो, त्याच्या हातची कामंही एकेक करून गंजवतो. पण जे आपण त्याला वेळेवर बोललो नाही, त्याला काळ हात लावत नाही. ते गेलेल्या माणसाच्या जागी येऊन बसतं आणि आपल्या वयाबरोबर मोठं होत राहतं.