खिंडीच्या पुढचे दोन तास

भाची दुकानात आली तेव्हा चष्मेवाला मामा एका गिऱ्हाइकाच्या काचा घासत होता. तिने काउंटरवर नकाशा पसरला. पुढच्या महिन्यात ती तिघा मित्रांबरोबर सहा हजार मीटरच्या एका शिखरावर निघाली होती आणि दीड महिना नुसती माहिती गोळा करत होती.

"गिर्यारोहण क्लबची वही, एक वेबसाइट आणि एका गाइडची पुस्तिका," ती म्हणाली. "खिंडीच्या पुढचं वर्णन तिन्हीकडे जुळतं. फक्त सर्वेक्षणवाल्यांच्या एका जुन्या टिपणात तिथे टणक बर्फ आणि भेगा लिहिल्यात. ते चाळीस वर्षांपूर्वीचं, म्हणून सोडून दिलं. जादा दोर नेत नाही."

मामाने कागद ओढून घेतले. 'खिंडीपुढे दोन तासांचा सोपा, मऊ बर्फाचा उतार.' तिन्हीकडे तेच शब्द, आणि शब्द त्याचेच. बाराएक वर्षांपूर्वी धुक्यामुळे तो खिंडीतूनच मागे फिरला होता. क्लबच्या वहीत एवढंच लिहायचं त्याच्या जिवावर आलं. तळावरच्या स्वयंपाक्याने ऐकीव सांगितलेलं त्याने डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहून टाकलं. बाकीच्यांनी ते तिथूनच उचललं होतं.

"बरोबर आहे ना सगळं?" तिने विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

ती गेली. त्याने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली, काढली, पुन्हा तशीच बसवली. शेवटी भर दुपारी शटर ओढून तो बहिणीच्या घरी गेला. बैठकीत सामान पसरलं होतं. भाचीचे मित्र याद्या तपासत होते आणि बहीण त्यांना सांगत होती, "माझ्या भावाला तिथला दगडन्‌दगड माहीत आहे."

"ताई, थांब जरा," तो म्हणाला. पुढचं बोलताना त्याची नजर जमिनीवरच होती. "खिंडीच्या पुढे मी गेलोच नव्हतो. ते वर्णन माझं आहे, तिन्हीकडचं. मी तिथे काहीही पाहिलेलं नाही."

भाचीने विचारलं, "सकाळी का नाही सांगितलंस?"

बहीण उठून आत गेली. तिने पाणीही विचारलं नाही.

भाचीने तारीख पुढे ढकलली, त्या जुन्या टिपणाचा नकाशा मिळवला आणि जादा दोर, बर्फात फिरवून बसवायचे स्क्रू घेऊन गेली. खिंडीपुढे उभा, निळा बर्फ होता. चौघं दोन भेगांपर्यंत पोचले आणि तिथूनच सुखरूप परतले. हे मामाला बहिणीच्या नवऱ्याकडून कळलं. भाचीने फोन केला नाही.

त्याने क्लबात जाऊन वहीतली नोंद खोडली, बाजूला खरं लिहिलं आणि खाली सही केली. वेबसाइटला, गाइडला पत्रं पाठवली. गाइडने उत्तर दिलं नाही. वेबसाइटवाल्यांचं आलं: 'आमची माहिती प्रत्यक्ष जाऊन आलेल्या गिर्यारोहकाची आहे.' ते वाचून त्याचे कान तापले. मग त्याने दुसरं पत्र लिहायला घेतलं आणि या वेळी पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव घातलं.