न दुखणारी गाठ

धानाच्या रोपांचे परे रोवता रोवता देवकाबाईनं हातातली पेंडी चिखलात आपटली आणि बांधाच्या धुऱ्यावर रडत उभ्या असलेल्या स्वतःच्या पोरीवर ओरडली, "सांगतलं ना तुले घरी जाय म्हणून? आत्याजोळ जाय. माह्या मागं मागं काहून फिरून राहिली?"

पोरगी म्हणजे चंद्रकला. चार वर्षांची, नाकातून शेंबूड, अंगात बापाची जुनी बंडी. ती जागची हलली नाही, तेव्हा देवकानं चिखलाचा गोळाच तिच्या पायाशी फेकला. मग मात्र पोरगी हुंदके गिळत घराकडं, करडी गावाच्या वाटेला लागली.

रोवणाऱ्या बायांची गाणी थांबली. शेजारची आनंदाबाई कंबर सरळ करत म्हणाली, "काय झालं वं तुले? लेकरू हाये ते. सवत हाये का?"

"मोठी झाली आता. आत्याची सवय लागाले पायजे."

"काहून? तू कोठं जाऊन राहिली?"

देवका वाकून पुन्हा परे खोचायला लागली. डाव्या मनगटावर तिनं चिंधी बांधली होती. कोणी विचारलं तर म्हणायची, हात मुरगळला.

हात मुरगळला नव्हता. चिंधीखाली मनगटाच्या मागच्या बाजूला बोराएवढी गाठ होती. रोवणीआधी पऱ्ह्याच्या वाफ्यातून रोपं उपटायच्या दिवसात ती पहिल्यांदा हाताला लागली. देवकानं दाबून पाहिली. दुखली नाही. दगडावर मनगट टेकवून जोर दिला, तरी दुखली नाही. तेव्हा ती घाबरली आणि गाठीवर चिंधी बांधून टाकली.

गाठ दुखत नाही म्हणून बाई इतकी घाबरते, हे ऐकणाऱ्याला नवल वाटेल. पण देवकाची माय जनाबाई माहेरच्या आंबागडला वारली ती अशाच न दुखणाऱ्या गाठीनं. तिची गाठ छातीत होती. कोणी विचारलं की पदर दाबून धरायची आणि म्हणायची, "दुखत नाही वं, काई नाही." दुखायला लागली तोवर वेळ गेली होती. नागपूरच्या डॉक्टरनं कॅन्सर सांगितला आणि घरी न्या म्हटलं. पुढं गाठ चिघळून घरात जो वास भरला, तो कडुनिंबाच्या पाल्यानंही गेला नाही. देवका तेव्हा आठ वर्षांची होती. माय गेल्यावर ती मायचं लुगडं उशाला घेऊन झोपायची, आणि त्यातला मायचा वास उडाला त्या दिवशी जी रडायला लागली, ती कोणाला आवरेना. ते रडणं तिच्या पोटात अजून तसंच होतं.

गाठ दिसल्यापासून माय परत यायला लागली. भर दुपारी, धुऱ्यावर बसलेली, एका हातानं पदर छातीशी दाबलेला. बोलायची काही नाही. बाकीच्या बाया तिच्या अंगावरून गेल्यासारख्या निघून जायच्या आणि देवका मान वर करायला भ्यायची. एकदा नणंदेनं विचारलं, "देवका, हाताले काय झालं?" तर तोंडातून निघालं, "दुखत नाही वं, काई नाही." आवाज मायचाच होता. देवकानं स्वतःच्या कानांनी ऐकला.

मरणाचं तिला तेवढं भय नव्हतं. भय होतं ते पोरीच्या रडण्याचं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं. पोरीचं दूध तोडताना तिनं अंगावर कडुनिंब वाटून लावला होता. चार दिवस पोरगी रडली, मग विसरली. तशीच आता मायाही तोडायची. आपण असतानाच पोरीला रडवून घ्यायचं, म्हणजे मागून रडायला काही उरणार नाही.

आणि बाईनं ते खरंच केलं. पोरीसाठी भात कालवला की ताट नणंदेपुढं सरकवायची. वेणी नणंदेनं घालायची, झोपायचं नणंदेजवळ. रात्री पोरगी अंधारात चाचपडत आली तर "निंघ इथून" म्हणून परत पाठवायची आणि मग पदर तोंडात कोंबून पडून राहायची. दोनदा तर मारलं. मारल्यावर गोठ्यात जाऊन त्याच हातानं स्वतःचं तोंड फोडून घेतलं.

नणंद शकुनबाई देवकाच्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठी. लेकरूबाळ नसताना रंडकी होऊन भावाच्या घरी आलेली. भावजयीला कोणाची नजर लागली असेल म्हणून तिनं आधी मीठ-मिरची उतरवून टाकली. पण खोटं कशाला बोला, पोरगी कुशीत शिरायला लागली तशी तिला ते गोड लागलं. धान निसवलं, लोंब्या आल्या, कापणी आली, तोवर चंद्रकला आत्याच्या पदराला धरूनच चालायला लागली होती. देवका लांबून बघायची. आपल्या मनासारखं झालं म्हणायची आणि तिला घास उतरायचा नाही.

दिवाळी झाली. गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागली, रात्री दंडारीच्या खेळाचे ढोल ऐकू यायला लागले. कासारीण पार्वताबाई बांगड्यांची पेटी घेऊन अंगणात बसली. नवरा सेवकराम गरीब गायीसारखा माणूस, पण त्या दिवशी हट्टाला पेटला.

"मंडईले का जुन्याच बांगड्या घालून जाशील? बस म्हणतो ना."

"मले नाही पायजे जी."

शकुनबाईनंच तिचा हात ओढून कासारणीच्या मांडीवर ठेवला आणि चिंधी सोडली. पार्वताबाईनं पंजा दाबून हिरवी बांगडी चढवली. ती मनगटावर येऊन अडली.

"अगं बाई, हे का होय? गाठ हाये वाट्टे."

देवकानं हात हिसकला. बांगडी फुटली.

सेवकराम जवळ आला. "कवापासून हाये हे?"

"रोवण्यापासून."

"दुखते का?"

"नाही ना दुखत," देवका म्हणाली आणि अंगणातच बसून घळाघळा रडायला लागली. "दुखत नाही. माह्या मायची बी दुखत नव्हती."

शकुनबाई तिच्याजवळ खाली बसली. मग सावकाश म्हणाली, "म्हणून पोरीले हाकलून राहिली होती? येवढे दिवस? मले सांगाले का झालं होतं तुले?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सेवकरामनं तिला भंडाऱ्याला नेलं. रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी न्या म्हणतील, एवढंच तिला माहीत होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं गाठ चाचपली, इकडेतिकडे सरकवून पाहिली, मग खिडकी लावून टॉर्च पेटवला आणि गाठीला टेकवला. गाठ आतून उजळली.

"उजेड पार जातो, दिसलं? आत चिकट पाणी आहे," डॉक्टर म्हणाला. "सांध्याजवळ अशी गाठ होते. हा कॅन्सर नाही, आणि याचा कॅन्सर होतही नाही. आपोआप जाईल, नाही तर राहील. कामात आड आली तर या, सुईनं पाणी काढू. काढल्यावर परत भरली तरी भ्यायचं नाही."

"पण दुखत नाही जी," देवका म्हणाली. "दुखत नाही म्हणूनच त भेव वाटते. माही माय छातीतल्या गाठीनं गेली."

डॉक्टरनं टॉर्च ठेवला. "छातीतली गाठ वेगळी, ही वेगळी. दुखते की नाही यावरून ठरवू नका. छातीत कधी काही लागलं तर मात्र लपवायचं नाही, लगेच यायचं. समजलं?"

समजलं होतं. बाहेर येऊन ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. सेवकराम चहा आणायला निघाला, तर म्हणाली, "पयले लाडू घ्या कलेसाठी."

एसटीतून उतरल्यावर ती नवऱ्यासाठी थांबली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून घराकडे सुटली. दिवेलागणीची वेळ. शकुनबाई दारात बसून पोरीला भात भरवत होती.

"कला, इकडं ये बेटा."

पोरीनं तिच्याकडे पाहिलं. उठली नाही. मग शहाण्या बाईसारखी म्हणाली, "माय, आज मी तुह्या मागं नाही आली. रडली बी नाही. इचार आत्याले."

शाबासकी मिळेल म्हणून ती वाट बघत होती. देवकानं लाडवाची पुडी पुढं केली. पोरीनं आधी आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, आत्यानं मान हलवल्यावर हात लांबवून लाडू घेतला आणि परत आत्याच्या मांडीत जाऊन बसली.

"मायजोळ जाय वं," शकुनबाई म्हणाली. "माय बरी हाये आता."

"माय मारते."

देवका तिथंच दारात बसली. जीव परत मिळाला होता आणि तिला तो कुठं ठेवावा ते कळेना.

जेवणं झाल्यावर शकुनबाईनं पोरीची गोधडी उचलली आणि देवकाच्या अंथरुणाला लावून घातली. पोरीनं ती ओढली. गोधडी तिच्याहून मोठी, तरी दोन्ही हातांनी फरफटत तिनं ती परत आत्याच्या खोलीत नेली. सेवकराम उठायला लागला, तर देवकानं त्याचा हात धरला.

"राहू द्या. तिची काई चूक नाही."

मग तिनं स्वतःचं अंथरूण गुंडाळलं आणि नणंदेच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बाई, मी इथं टाकू का?"

शकुनबाई पोरीला घेऊन भिंतीकडे सरकली. पोरीच्या दुसऱ्या अंगाला वीतभर जागा झाली. देवका तिथं आडवी झाली. पोरीची पाठ तिच्याकडे होती, आणि ती जागी होती. देवकानं तिला हात लावला नाही.