डोळ्याला दिसेल तेवढंच

मीटरबाईंवर सिनेमा निघतोय ही बातमी गल्लीत फुटली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा, की त्यांनी केलंय काय? ज्याच्यावर सिनेमा निघतो त्याने एक तर काहीतरी मोठं मिळवलेलं असतं, नाहीतर काहीतरी मोठं लांबवलेलं असतं, एवढी समज गल्लीला होती. बाई दोन्हींत बसत नव्हत्या. पाणीपुरवठा खात्यात त्या दारोदार जाऊन मीटर वाचत. वय चोपन्न, आवाज बारीक, चपला नेहमी एकाच बाजूने झिजलेल्या.

"एकोणीस वर्षं चालत होती ती," सासूबाईंनी दारात उभं राहून खुलासा केला. "आता चालण्यावरसुद्धा सिनेमे काढतात. उद्या माझ्या बसण्यावर काढतील."

चालण्याची शर्यत हा खेळ लोकांना समजावून सांगणं बाईंनी फार पूर्वीच सोडून दिलं होतं. धावता येत असताना माणूस मुद्दाम चालतो का, इथेच लोकांची गाडी अडायची. नियम खरं तर दोनच. पुढची टाच टेकल्याशिवाय मागचा पाय जमिनीवरून सुटायचा नाही, आणि टेकलेला पाय गुडघ्यात वाकायचा नाही. एवढं सांभाळून जीव खाऊन पुढे जायचं. यात कंबर अशी काही हलते, की बघणाऱ्यांची करमणूक होते आणि चालणाऱ्याची शोभा. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर पंच उभे असतात. पाय सुटलेला दिसला की पिवळी पाटी वर, ती ताकीद. तिघा पंचांची खात्री पटली की लाल पाटी, आणि मग गुमान कपडे बदलायला जायचं.

लग्नानंतर पहिल्यांदा सुनेला सराव करताना पाहिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "धावायचं तर धाव, चालायचं तर चाल. हे मधलं काय? घाईची लागल्यासारखं!" गल्लीने तो विनोद पुढे बरीच वर्षं वापरला.

जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत बाई दहा किलोमीटरला चौथ्या आल्या होत्या. चौथ्याला पदक नसतं. तिसऱ्याच्या फोटोत कधीकधी चौथ्याचं कोपर येतं, बाईंचं तेही आलं नव्हतं. पण बाईंचा हिशेबच वेगळा होता. एकोणीस वर्षांत त्यांना एकदाही पाटी दाखवली गेली नव्हती. लाल सोडाच, पिवळीसुद्धा नाही. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत, कारण ऐकणारा विचारी, "म्हणजे काय मिळालं?" 

दिग्दर्शक घरी आला तेव्हा हातात मिठाईचा खोका आणि डोक्यात सुवर्णपदक घेऊनच आला. त्याच्या आधीच्या तीन सिनेमांत तीन खेळांतले तीन खेळाडू शेवटच्या पाच मिनिटांत जिंकले होते आणि मागे व्हायोलिनं वाजली होती.

"मॅडम, पहिल्या आणू या तुम्हाला. लोक हमसून रडतील."

"मी चौथी आले होते," बाई म्हणाल्या. "तेव्हा कुणी रडलं नाही, आता कशाला? चौथी ती चौथीच ठेवा. आणि चालणं चालण्यासारखं ठेवा. या दोन अटी."

दिग्दर्शकाने क्षणभर छताकडे पाहिलं. "ठीक आहे. तसंही यंदा हरलेल्यांना मागणी आहे."

चित्रीकरण एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात होतं. आतला लांब सरळ रस्ता झाडून, त्यावर पांढरे पट्टे ओढून, दोन्ही बाजूंना दोनशे बघे उभे केले होते. बाईंची भूमिका करणारी नटी गुणी मुलगी होती. दोन महिने ती बाईंच्या मागून मीटर वाचत फिरून चाल शिकली होती. अडचण एकच होती. भावना आली की तिचा पाय सुटायचा. आणि दिग्दर्शक "अ‍ॅक्शन" म्हणाला की तिला भावना यायची.

हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. पण दिग्दर्शकाला अस्सलपणाचा सोस होता, म्हणून त्याने पंचाच्या कामासाठी एका खऱ्याखुऱ्या पंचांना बोलावलं होतं. बाईंच्या अर्ध्याअधिक शर्यतींना हेच पंच कडेला उभे असत. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. स्वतःचा जुना कोट घालून आले होते आणि पाट्याही स्वतःच्याच आणल्या होत्या, कारण सिनेमावाल्यांच्या पाटीचा पिवळा त्यांना पसंत नव्हता. त्यांना काम दिलं होतं ते फक्त उभं राहून भारावून बघण्याचं.

पहिल्या टेकला नटी त्यांच्यासमोरून गेली आणि पिवळी पाटी वर गेली.

"कट! काका, काय करताय?"

"पाय सुटला."

"सुटू दे हो!"

"मग सुटला म्हणून सांगू दे."

दुसऱ्या टेकलाही तेच. दिग्दर्शकाने त्यांना बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, सिनेमा म्हणजे काय ते समजावलं. पंचांनी मान डोलावली. तिसऱ्या टेकला नटी डोळ्यांत पाणी आणून, दात चावून, अक्षरशः धावतच आली. बाकीचे दोन पंच नव्हतेच, म्हणून पंचांनी तिघांच्या वतीने कोटाच्या आत हात घातला, लाल पाटी काढली आणि तिच्यासमोर धरली. शिस्तीत वाढलेली पोर ती. मान खाली घालून सरळ मेकअपच्या गाडीत जाऊन बसली. टाळ्या वाजवायला ठेवलेल्या दोनशे बघ्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका!" दिग्दर्शकाचा आवाज चिरकला. "सिनेमाच्या नायिकेला तुम्ही सिनेमातून बाद केलंत!"

"शर्यतीतून," पंच शांतपणे म्हणाले. "सिनेमाचे नियम मला ठाऊक नाहीत. पाटी हातात असली तर ती वर जाणार. नको असेल तर काढून घ्या, पण मग मी कोण म्हणून उभा राहू?"

बाई कडेच्या खुर्चीत बसून हसू दाबत होत्या. दिग्दर्शकाची नजर त्यांच्या पायांवर गेली. जुने, पातळ तळव्याचे बूट त्यांनी सहज म्हणून घातले होते, निदान त्यांचं म्हणणं तरी तसं होतं.

"मॅडम, तुम्ही चालता का? चेहरा तिचा, गुडघ्याखाली तुम्ही. कुणाला कळणार नाही."

बाईंनी आढेवेढे घ्यायचे म्हणून दोनदा घेतले आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत उठल्या.

पायांसाठी वेगळा कॅमेरा आणला गेला. जमिनीलगत, रुळांवर, बरोबरीने सरकणारा. दिग्दर्शक त्याच्यावरून असा हात फिरवत होता, जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या घोड्यावरून फिरवतो. "सेकंदाला हजार चित्रं घेतो हा. स्लो मोशनमध्ये टाकलं की धुळीचा कण मोजा. याच्यापासून काही लपत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. बुटाची नाडी बांधता बांधता त्या थांबल्या.

त्यांच्या काळात त्यांच्या खेळाकडे कॅमेरा फिरकलाच नव्हता. टीव्हीवाले यायचे ते धावण्याच्या शर्यतींसाठी, आणि चालणारे समोरून गेले की तेवढ्यात जाहिराती लावायचे. बाईंना त्याचा राग होता. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, बरं झालं. एकोणीस वर्षं त्यांचे पाय पाहिले होते ते माणसांनी. माणसाचा डोळा सेकंदाला किती चित्रं घेतो देव जाणे, पण हजार नक्कीच नाही. समजा, पाय सुटत होता? आणि कुणाला दिसलंच नाही? मग त्या एकोणीस वर्षांचं काय करायचं?

त्या उठून पंचांपाशी गेल्या. पंच चहात बिस्किट बुडवत होते.

"साहेब, एक विचारू? तुम्ही मला कधीच पाटी दाखवली नाहीत. ते पाय सुटला नाही म्हणून, की तुम्हाला दिसला नाही म्हणून?"

बिस्किटाचा तुकडा चहात पडला. पंचांनी त्याच्याकडे पाहिलं, तो गेला होता. "बाई, पंचाला या दोन गोष्टी वेगळ्या नसतात."

"कॅमेऱ्याला असतात."

"कॅमेरा पंच नाही. नियमात डोळा लिहिलाय. साधा, माणसाचा." मग म्हणाले, "भीती वाटत असेल तर हळू चाला. हळू चालणाऱ्याचा पाय सात जन्मांत सुटत नाही. कॅमेरा काही बोलणार नाही. मीही नाही."

हा सल्ला प्रेमाचा होता, आणि बाईंना तो झोंबला. हळू चालायला काय, मीटर वाचत दारोदार त्या रोज चालतच होत्या.

त्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. दिग्दर्शक "अ‍ॅक्शन" म्हणाला. पहिल्या दहा पावलांत गुडघे कुरकुरले, पुढच्या दहांत गप्प बसले. मग टाच टेक, अंगठा रेट, टाच टेक, अंगठा रेट, एवढंच उरलं. बघ्यांतल्या कुणीतरी कंबरेला हसलं, आणि ते हसूसुद्धा ओळखीचं वाटलं, माहेरच्या माणसासारखं. शंभर मीटर संपले तेव्हा कॅमेरा ढकलणारा घामाघूम झाला होता.

छोट्या पडद्याभोवती सगळे गोळा झाले. बाईंचे पाय पाण्यात बुडाल्यासारखे संथ चालले होते. टाच टेकली, मागचा अंगठा उचलला. टेकली, उचलला. आणि मग एका पावलाला, टाच टेकायच्या किंचित आधी, दोन्ही बुटांखाली उजेडाची एक चीर दिसली. दोऱ्याएवढी.

"ओहो!" दिग्दर्शक ओरडला. "मॅडम, उडताय तुम्ही! हेच पोस्टर!"

कुणीतरी टाळी वाजवली.  बाईंनी पंचांकडे पाहिलं, आता पाटी वर जाणार अशा तयारीने. पंच मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. बाईंची वेळ घेऊन थांबवलेलं जुनं घड्याळ डोळ्यांपाशी धरून उभे होते.

"अठ्ठावीस सेकंद," ते म्हणाले. "शंभर मीटर, अठ्ठावीस सेकंदांत. बाई, चौथ्या आलात त्या दिवशीची चाल होती ही. त्याच्या पाव सेकंदाने मागे असाल. या वयात!"

"पण चीर दिसतेय, साहेब."

"याला दिसतेय," त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. "मी कडेला उभा होतो, पाटी हातात होती. पाच पावलांवर होतो. हात हलला का माझा? या हाताने मघाशी तुमच्या नायिकेला घरी पाठवलं. हा हात कुणाची भीड धरत नाही, माझीसुद्धा. एवढ्या वेगात जगातल्या प्रत्येक चालणाऱ्याच्या बुटाखाली दोऱ्याएवढा उजेड असतो. नसेल तर तो चालत नसतो, टंगळमंगळ करत असतो. म्हणून तर नियमात डोळा लिहिला."

दिग्दर्शकाला वाटलं बाई नाराज आहेत. तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, नको असेल तर पुसून टाकू. कॉम्प्युटरवर. एका दुपारचं काम."

बाईंनी पडद्यावरच्या त्या चिरेकडे पुन्हा एकदा पाहिलं. आता ती त्यांना चोरीसारखी दिसेना. घामासारखी दिसली.

"पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि ताणायचंही नाही. मी ज्या वेगाने चालले त्याच वेगाने दाखवा. पूर्ण अठ्ठावीस सेकंद, न कापता. थिएटरात चारशे माणसं बसतील ना? त्यांनाही दोन-दोन डोळे असतील. बघू दे की."

"पण स्लो मोशनशिवाय शेवट? मॅडम, हे म्हणजे—"

"चालणं चालण्यासारखं. अट होती."

दिग्दर्शकाने छताकडे पाहायला मान वर केली, पण उघड्यावर छत नव्हतं. मग त्याने मान्य केलं. व्हायोलिनांचं विचारलं, तेव्हा पंच म्हणाले, "बुटांचा आवाज काय वाईट आहे?"

पहिला खेळ दुपारचा होता. बाई मध्ये, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला पंच. गल्ली मागच्या चार रांगांत. सिनेमा सिनेमासारखा होता. नटीने दोन ठिकाणी खरंच रडवलं, आणि खरी चालली ती एका ठिकाणी, जिथे गोष्टीप्रमाणे तिला काहीच वाटत नव्हतं. मग शेवट आला. पडदाभर गुडघ्याखालचे दोन पाय. टाच टेक, अंगठा रेट. व्हायोलिनं नाहीत. बुटांचा टपटप आवाज, बस्स.

सात-आठ सेकंद झाले असतील. सासूबाई पुढे वाकल्या. "अगं, ही तूच!"

"श्श," मागून कुणीतरी म्हणालं.

"श्श काय श्श? वर्षानुवर्षं या टाचा ऐकल्यात मी, पहाटे पहाटे, माझ्या उशाशी. मला शिकवताय?" आणि मग अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, "वरची ती नटी आहे. गुडघ्याखाली आमची सून!"

पुढच्या तीन रांगा वळल्या, मागून गल्लीने शिट्टी मारली. पण लगेच सगळे पुन्हा पडद्याकडे वळले, कारण पाय थांबायला तयार नव्हते. घाईची लागल्यासारखं म्हणून हसलेली माणसं आता हसायचं विसरून डोळे ताणून त्या टाचांकडे बघत होती, सुटतोय का, सुटतोय का. अठ्ठावीस सेकंद चारशे पंच थिएटरात बसले होते आणि कुणाचा हात वर गेला नाही. नटी चौथी आली. लोक उभे राहिले.

पंच मात्र बसूनच होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं घट्ट मिटलेली, जणू पाटी अजून हातात आहे. त्यांनी हळूच श्वास सोडला.

"नाही सुटला," ते म्हणाले.

"सुटेल कसा?" सासूबाईंनी पदराने डोळे पुसत त्यांना झापलं. "सून कुणाची आहे!"