काळजीवाहूचं कुलूप

दुपारी सव्वाचारची वेळ. छापखान्याची इमारत, दुसरा मजला, चित्रकथांचा विभाग. आग तळमजल्यावर लागली, जिथे शाईचे आणि रॉकेलचे डबे ठेवतात तिथे. त्या वेळी वरच्या खोलीत तिघे जण होते. चित्रं काढणारी ताई, गोष्टी लिहिणारा भाऊ आणि पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत अक्षरं भरणारे म्हातारे मास्तर. त्यातले दोघे बाहेर आले.

मी ताईचा शाईचा ब्रश बोलतोय. काम करता करता मला अंबाड्यात खोचून ठेवायची तिला सवय आहे. त्या दुपारीही मी तिथेच होतो. म्हणून सांगतो आहे ते ऐकीव नाही, पाहिलेलं आहे. कोणाला खोटं पाडायचं असेल तर त्यानं समोर यावं.

मी जन्माचा भित्रा. लाकडाची दांडी आणि कुठल्याशा जनावराच्या शेपटीचे केस. आगीला याहून सोपा घास तो कोणता? ज्या बाईनं मला बांधलं, तिनं माझं टोक ओठांत धरून अणकुचीदार केलं आणि मला डबीत बंद केलं. अंधाराची भीती तेव्हापासूनची. ताईनं डबी उघडली, मला शाईत बुडवलं आणि कोऱ्या कागदावर टेकवलं. तेव्हा कागदाची भीती वाटली. पेन्सिलीची रेघ पुसता येते. माझी नाही.

ताईची आणि भाऊची चित्रकथा घरोघरी वाचली जाई. तिचा नायक होता हमाल. डोंगर उचलेल असा गडी, पण उंचीवर गेला की त्याचे पाय लटपटत. ही कल्पना सापडली ती मास्तरांमुळे. एकदा ते दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि तिथूनच ओरडले, "पोरी, धर गं मला! मेलो!"

ताई हसून हसून बेजार. म्हणाली, "मास्तर, तुमचे गुडघे मला द्या."

"ने बाई. मला तरी कुठे उपयोगी पडतायत?"

हमालाची ताकद काढायला मला कधी कष्ट पडले नाहीत. दंडाला एक जाड रेघ की झालं. पण ते गुडघे काढताना ताई श्वास रोखायची. वाचकांचा जीव गुंतला तोही त्या गुडघ्यांतच. जो घाबरतच नाही, त्याच्यासाठी आपण तरी का घाबरावं?

दुसरं पात्र होतं खिळा नावाचा चोर. कसलंही कुलूप खिळ्यानं उघडायचा. लोकांना वाचवायचा आणि जाता जाता त्यांची घड्याळं लांबवायचा. सगळ्यात जास्त पत्रं त्यालाच.

"चांगल्या माणसाला लोक नमस्कार करतात," भाऊ म्हणायचा, "पण डोळे लावून बसतात ते लबाडाकडे. तो पुढच्या पानावर काय करेल याचा नेम नसतो ना!"

"नेम नसतो तर! माझं घड्याळ सापडत नाहीये परवापासून," मास्तर म्हणायचे.

घोडं अडलं होतं खलनायकापाशी. आधीच्या खलनायकाला सुळे होते, लाल डोळे होते, काळा झगा होता. त्याला कुत्रं भीक घालेना. मास्तर म्हणाले, "ह्याला बघून माझी नात नियमानं दात घासायला लागली. तेवढाच फायदा."

तेव्हा त्या खोलीत एक रीत पडली. खलनायकाचं भाषण शाईत जाण्याआधी मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांपैकी एकाची तरी मान डोलली पाहिजे. नाही डोलली, तर भाषण परत लिहायचं. आपण वाईट आहोत हे ज्याला ठाऊक आहे तो खलनायक अर्धाच, असं भाऊचं मत. पुरा तो, ज्याला रात्री शांत झोप लागते.

अशा रितीनं काळजीवाहू जन्मला. स्वच्छ शर्ट, मऊ आवाज, चेहऱ्यावर वडीलधारं हसू. एका भल्यामोठ्या इमारतीचा तो मालक, आणि तिच्या दारांना त्यानं कुलपं लावलेली. भाऊनं त्याचं भाषण वाचलं:

"चोर बाहेर आहेत. तुम्ही आत आहात, म्हणजे सुखरूप आहात. किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे तुमची काळजीही माझ्याकडेच आहे."

नेमके तेव्हा आमच्या छापखान्याचे मालक दारात येऊन उभे होते. त्यांची मान डोलली. "बरोबर आहे की त्याचं! काळजी आहे म्हणूनच कुलूप लावतो ना माणूस?"

"घ्या, डोलली," मास्तर हळूच म्हणाले. सगळे हसले. मालकही हसले. मी शाईच्या दौतीत थरथरलो.

कारण आमच्या मागच्या जिन्याच्या लोखंडी दाराला मालकांनी आतून साखळी आणि कुलूप घातलं होतं. त्या वाटेनं कागदाची रिमं चोरीला जातात, असं त्यांचं म्हणणं. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. आणि ताईला काळजीवाहूच्या दाराचं चित्र काढायचं होतं, तर नमुना हवाच होता. तिघेही त्या दारापाशी गेले. भाऊनं दिवा धरला. मास्तरांनी स्टूल आणून दिलं. मालकांनी रुमालानं कुलपावरची धूळ पुसली. "नीट दिसू दे हो ताई, आमचं कुलूप छापून येणार!" साखळीची कडी न् कडी माझ्या टोकाखालून गेली. ते कुलूप इतकं निरखून पाहिलं सगळ्यांनी, पण ते काढा, असं कोणी म्हणालं नाही. चित्र छान आलं होतं ना!

आग लागली तेव्हा धूर पुढच्या जिन्यानं वर आला. तिघे मागच्या दाराकडे धावले. भाऊनं लाथा घातल्या. ताईनं साखळी ओढून ओढून हात सोलून घेतले. "साहेब, किल्ली!" भाऊ मालकांना ओरडून सांगत होता. खालून उत्तर आलं नाही.

"तुमच्या त्या खिळ्याला बोलवा की आता," मास्तर खोकत म्हणाले.

न्हाणीघरात उंचावर एक खिडकी होती. मास्तरांनी भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही तळव्यांची पायरी केली. "ठेव पाय."

"आधी तुम्ही, मास्तर."

"मला उंचीची भीती वाटते हे तूच छापलंस ना जगभर? चढ मुकाट्यानं!"

ताई चढली. मागून भाऊ चढला. बाहेर छज्जा होता आणि खालून लोक शिडी लावत होते. भाऊ खिडकीत पालथा पडला आणि त्यानं हात आत सोडला. ताईनं वाकून पाहिलं, म्हणून मलाही दिसलं. मास्तरांनी बादली पालथी घातली होती आणि ते तिच्यावर उभे होते. गुडघे लटपटत होते. अगदी आम्ही काढायचो तसेच.

"हात द्या, मास्तर!"

"आलो, आलो."

मग मध्ये धूर आला. हात आला नाही.

माझे केस धगीनं करपले आहेत. आता माझं टोक जुळत नाही. शाईत बुडवलं की दोन रेघा उमटतात. ताईनं मला टाकलेलं नाही, पण कागदावरही टेकवलेलं नाही. हमाल बंद दारासमोर उभा आहे, त्याच्या पुढचं चित्र अजून व्हायचं आहे. मालकांनी निरोप धाडला की ही गोष्ट आता थांबवा, काहीतरी गोड काढा, लोकांना त्रास होतो.

लोकांना होऊ द्या त्रास. माझं मागणं एवढंच आहे की सुळे शोधत बसू नका. तुमच्या काळजीपोटी कोणी दाराला कुलूप घातलं आणि तुमची मान डोलायला लागली, तर तिथेच घाबरा. मी घाबरलो होतो, पण माझं ऐकतो कोण?

आगीच्या दिवशीच मालक मऊ आवाजात बातमीदारांना म्हणाले होते, "दार उघडंच होतं हो. ढकललं की उघडतं. घाबरल्यावर माणसाला सुचत नाही."

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला ताईला बोलावलं. सवयीनं तिनं मला अंबाड्यात खोचलं होतं. दाराला ना साखळी होती, ना कुलूप. अधिकाऱ्यानं दार ढकललं. उघडलं. ताईनं ते परत लोटलं आणि दाराच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. सगळं दार काजळीनं काळं झालं होतं. फक्त कडीखाली एक पट्टा स्वच्छ होता, साखळीच्या आकाराचा, आणि त्याच्या टोकाला कुलपाएवढी जागा.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"बाई, तुम्ही चित्रकार. तुम्हाला सगळीकडे आकारच दिसणार," अधिकारी म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला.

आग विझल्यापासून इमारतीला पहारा होता. किल्ली एकच होती. ते कुलूप कोणी काढून नेलं, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.