चतुर्थीची काकडी

“मना आज चतुर्थीचा उपास हाय,” असं म्हणून कमळाबाईंनी समोरचं ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं.

पंखा गरगर फिरत होता, तरी शालनच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. मे महिन्यातली दुपार, त्यात अंबरनाथ पश्चिमेच्या त्या दोन खोल्या पत्र्यासारख्या तापलेल्या. कमळाबाई आपल्या मुलाला, हरेशला घेऊन पालेगावाहून पहिल्यांदाच आल्या होत्या. हरेश आणि शालनची अस्मिता एकाच ऑफिसात कामाला. तिथेच त्यांचं जमलं. हरेशचे वडील हयात नव्हते, तेव्हा हो की नाही ते कमळाबाईच ठरवणार. आगरी घरातली एवढी मानाची बाई बौद्धांच्या घरी येऊन सोफ्यावर बसली, इथवर सगळं सुखरूप झालं होतं. घोडं अडलं ते ताटाशी.

“आई, सकाळी बोलायचं ना!” हरेश कानकोंडा झाला.

“तू इचारलंस?”

शालनचा नवरा भीमराव, फॅक्टरीतून निवृत्त झालेला, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. तो लगबगीनं उठला. “असू दे, असू दे. घरात केळी आहेत. केळं घ्या तुम्ही.”

केळं! शालनला वाटलं, तेच केळं सोलून नवऱ्याच्या तोंडात कोंबावं. सालीतलं फळ कुणाच्याही घरी चालतं. त्याला त्या घरचा हात लागलेला नसतो.

“निदान काकडी तरी खा,” अस्मिता म्हणाली. “आईच्या हातची खमंग काकडी आमच्या बिल्डिंगमध्ये फेमस आहे.”

कमळाबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. “फोडनीत मोरी हाय, हलद हाय. उपासाला चालत नाय.”

शालन वाटी उचलून आत गेली. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात धागे कापण्यात तिचा अर्धा जन्म गेला होता. शेजारच्या मशीनवर विनिता असायची. स्वभावानं चांगली, सुखदुःखाला धावून येणारी. पण शालननं डबा पुढे केला, की नेमका तिचा उपवास. आज सोमवार, उद्या मंगळवार, परवा गुरुवार. अशाच एका गुरुवारी जिन्याखाली उभी राहून ती वडापाव खाताना दिसली. शालननं तिला कधी विचारलं नाही. नुसता डबा पुढे करणं सोडून दिलं.

अस्मिता मागोमाग आली. “आई, खरंच संकष्टी आहे. मी मोबाइलवर बघितलं. तू उगाच मनात काही आणू नकोस.”

“उपवास खराच असेल गं,” शालन म्हणाली. “खोटं कुठे बोलावं लागतं दरवेळी?”

या घरात अस्मिताच्या आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून चतुर्थी-एकादशी कुणी पाळली नव्हती. उपवासाला काय चालतं नि काय नाही, हे शालनला धड माहीत नव्हतं. मग ती तशीच पदराला हात पुसत बाहेर आली आणि कमळाबाईंसमोर उभी राहिली.

“जिरं चालतं का तुम्हाला?”

“चालतं.”

“साजूक तूप?”

“चालतं की.”

“शेंगदाण्याचं कूट? हिरवी मिरची? लिंबू?”

कमळाबाईंनी मुलाकडे पाहिलं. हरेश जमिनीकडे बघत होता. एकेक दार लागत चाललंय हे त्यांनाही कळत होतं. “चालतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“मग बसा जरा.”

शालननं दोन कोवळ्या काकड्या घेतल्या. टोकं कापून कडू चीक घासून काढला, सालं काढली. मग काकडी डाव्या हातात उभी धरून सुरीनं तिच्यावर जवळजवळ घाव घालायला सुरुवात केली. काकडी किसली तर तिचा चोथा होतो. ती चोचवावी लागते, तरच दाताखाली तिचा कण न् कण कळतो. रोज न बघता होणारं काम, पण आज सुरी दोनदा बोटाजवळून गेली. मागे चाहूल लागली. कमळाबाई येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या आणि तिच्या हातांकडे टक लावून बघत होत्या.

कूट पडलं, चिमूटभर साखर पडली, मिरची पडली, लिंबू पिळलं. कढल्यात तूप तापलं, जिरं तडतडलं आणि फोडणी चर्रकन काकडीवर बसली. खमंग वास घरभर गेला. शालननं वाटी कमळाबाईंपुढे ओट्याच्या कडेला ठेवली.

“डब्यात घालून द्या,” कमळाबाई म्हणाल्या. “चंद्र उगवला की घरी खाईन.”

शालनचं डोकं भणाणलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं! पण तिनं आवाज चढू दिला नाही.

“ही थांबत नाही, कमळाबाई. पाणी सुटतं. खायची तर आत्ता, नाहीतर राहू द्या, मी खाते. पण एक सांगते. माझी पोरगी तुमच्याकडे आली, तर रोज तुमच्या ओट्याशी उभी राहणार. तेव्हा रोजची चतुर्थी कुठून आणाल?”

दारात अस्मिता थिजून उभी राहिली. झालं, आपणच लेकीचं लग्न मोडलं, असं शालनला वाटलं. पण बोललेला शब्द तिला परत घ्यावासा वाटला नाही.

कमळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“उपास खरा हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आड बसले, तेबी खरं. सासूनं लावलेली सवय. तुज्या घरचं माज्या घशाखाली उतरंल का नाय, मनाच ठाव नाय. खोटं कशाला बोलू?”

विनिता इतक्या वर्षांत एवढं बोलली नव्हती. शालनचा राग गेला नाही, पण त्याची धार मात्र गेली. तिनं अस्मिताला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं आणि स्वतः पाठ फिरवून सुरी धुवायला घेतली. आपण बघत राहिलो तर बाई धाकानं खाईल, आणि तसं खाल्लेलं शालनला नको होतं.

मागे चमचा वाटीला लागला. मग काकडी चावल्याचा आवाज. एक घास. पहिला घास माणूस जनाच्या लाजेनंही खातो. शालननं नळ बंद केला आणि दुसऱ्या घासाची वाट बघत तशीच पाठमोरी उभी राहिली. बाहेर भीमराव हरेशला पाण्याच्या टँकरचं काहीतरी सांगत होता. आत काहीच ऐकू येत नव्हतं.

“गो बाय,” मागून आवाज आला, “मीठ घालाला इसरलीस.”

शालन वळली. वाटी निम्मी रिकामी झाली होती. मीठ खरंच राहून गेलं होतं. तिनं फळीवरची मिठाची बरणी काढली, झाकण उघडून ओट्यावर ठेवली आणि घाईघाईनं चमचा शोधू लागली.

कमळाबाई चमच्यासाठी थांबल्या नाहीत. हात लांब करून त्यांनी बरणीतच बोटं घातली आणि चिमूटभर मीठ उचललं.